बाकीचे पान

यवतमाळ जिल्ह्यात जायचे म्हणजे आधी आगगाडीचा नाद सोडावा लागतो. मुंबई-नागपूर मार्गावर धामणगावाला गाडी प्रवाशाला उतरवून देते आणि ‘पुढचे तुमचे तुम्ही पाहा’ अशा अलिप्तपणाने निघून जाते. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत मोठी रेल्वे आली खरी. पण मला जायचे होते दारव्ह्याला, आणि दारव्ह्याची गाडी ती निराळीच. मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ११३ किलोमीटर डुलत जाणारी ती शकुंतला! आता ती धावत नाही. तेव्हा धामणगावाहून एसटीने यवतमाळ, दत्त चौकात एक चहा, आणि पुन्हा एसटीने चाळीसेक किलोमीटर दारव्हा, असा माझा प्रवास झाला.

दिवस २०२५ च्या दिवाळीआधीचे होते. वाटेवर दोन्ही अंगांना काळी जमीन आणि तिच्यावर पऱ्हाटी. खालची बोंडे फुटून पांढरी झालेली, वरची अजून हिरवी. मधूनच सागवानाची टेकडी आडवी येई. बायका कमरेला ओटी बांधून वेचणी करीत होत्या. त्या वर्षी सप्टेंबरात पाऊस पुरून उरला होता, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी बोंडे काळवंडलेली दिसली. शेजारी बसलेले एक वयस्क कास्तकार खिडकीबाहेर बघत एवढेच म्हणाले, “पांढरं सोनं म्हन्तात बाप्पा लोक. वल्लं सोनं कोन घेते?”

आता दारव्ह्यालाच का, ते सांगतो. पुण्यातल्या एका स्नेह्यांच्या घरी मी जवसाची चटणी खाल्ली. चटणी अस्सल वऱ्हाडी. कुठून आणली म्हणून विचारले, तर गृहिणीने पुडके पुढे केले. त्यावर पत्ता दारव्ह्याचा. “फोनवर मागवली,” त्या म्हणाल्या. दारव्ह्यासारख्या गावातले तीन पिढ्यांचे किराणा-कापडाचे दुकान फोनमधून पुण्याला चटणी विकते, ही गोष्ट मला डोळ्यांनी पाहावीशी वाटली.

दुकान बाजारपेठेतच सापडले. लाकडी फळ्यांचे दार, आत पांढऱ्या चादरीची गादी, गादीवर लोडाला टेकून बसलेले सत्तरीचे मालक, आणि त्यांच्या पाठीशी फळीवर लाल कापडाच्या वह्यांची चळत. मागच्या खोलीत मात्र निराळाच संसार होता. तिथे टेबल, वजनकाटा, पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्ट्या आणि फोन समोर ठेवून पुडकी बांधणारी घरची सून. मुलगा दोन्हीकडे येऊन-जाऊन होता.

“तुमचे दुकान आता ऑनलाइन गेले म्हणे,” मी मालकांना म्हटले.

“दुकान तं इथंच हाय जी,” ते म्हणाले. “फोनात त्याचा फोटो गेला, एवढंच.”

खरे पाहिले तर न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाशी व्यवहार करणे या मुलखाला मुळीच नवे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० साली मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने जोडली गेली. त्यानंतर लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याला तारेवर कळू लागला. कापूस इथल्या बंडीत, भाव साता समुद्रांपलीकडे! शकुंतलेचा जन्मही त्याच व्यवहारातला. किलिक निक्सन या इंग्रजी व्यापारी पेढीने तो लोहमार्ग काढला, तो प्रामुख्याने कापूस वाहून नेण्यासाठी. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेले; १९२३ पासून १९९४ पर्यंत ते या रुळांवर राबले. सांगायचे ते इतकेच, की भाव इथे फार पूर्वीच ‘ऑनलाइन’ गेलेला होता. फक्त ती बातमी व्यापाऱ्याला आधी कळे आणि कास्तकाराला मागाहून.

मालाचे म्हणाल तर तोही पूर्वीपासून टपालाने फिरत होता. आपल्या टपालखात्याने १८७७ साली व्ही.पी.ची सोय काढली. पुडके पोस्टमनने दारात आणायचे, पैसे घ्यायचे आणि धन्याकडे पाठवायचे. दिवाळी अंक, औषधे, घड्याळे, सारे व्ही.पी.ने येई. आजचे ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ हे त्या व्ही.पी.चेच नातवंड. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि प्रत्येक गावाला सहा आकड्यांचे नाव मिळाले. यवतमाळ जिल्ह्याची ही नावे ४४५ ने सुरू होतात. दारव्ह्याच्या सूनबाई दिवसभर त्या आकड्यांतच वावरतात. गाव कुठले, हे त्या नावावरून ओळखत नाहीत. पहिल्या तीन आकड्यांवरून ओळखतात.

त्यांच्या कामाची रीत मी बसून पाहिली. जवसाची नि कऱ्हाळ्याची चटणी, मुंगवड्या, सरगुंडे, घरच्या जात्यावर भरडलेली तुरीची डाळ. ज्या बायका हे करतात त्या आसपासच्याच. प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन आणि भाव फोनवर चढवायचा. मागणी आली की पुडके बांधायचे, पत्ता चिकटवायचा. संध्याकाळी कुरिअरचा माणूस घेऊन जातो. खाद्यपदार्थ म्हणून अन्नसुरक्षेचा परवाना काढावा लागला, परराज्यात माल जातो म्हणून जीएसटीचा क्रमांक. मोठ्या बाजारी संकेतस्थळावर विकले तर त्यांचे कमिशन जाते, आणि परत आलेल्या पुडक्याचा भुर्दंडही कधी अंगावर पडतो. म्हणून ओळखीची गिऱ्हाइके त्या व्हॉट्सॲपवरच ठेवतात. पैसे यूपीआयने. २०१६ साली ही सोय देशात सुरू झाली, आणि आता दारव्ह्याच्या गादीवरही तो काळा-पांढरा चौकोन काचेखाली लावलेला आहे. दिवसाला दहा-बारा पुडकी जातात. दिवाळीत जास्त.

“मग अडचण काय?” मी मुलाला विचारले, कारण त्याच्या चेहऱ्यावर अडचण दिसत होती.

त्याने फळीवरच्या लाल वह्यांकडे बोट केले. “ही.”

शहरातल्या वाचकाला या वहीचे महत्त्व सहज उमगायचे नाही. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला उधारी म्हणजे पंधरा दिवसांची उसनवारी. कापसाच्या मुलखात ती वर्षाची असते. मृगात पेरणी होते, तेव्हा हातातला पैसा बियाण्याला आणि खताला जातो. पहिली वेचणी दसरा-दिवाळीला. त्यानंतर कापूस विकायचा, आणि मग चुकारा, म्हणजे विकल्या मालाचे पैसे. जूनपासून चुकाऱ्यापर्यंत घरात तेल, मीठ, साखर, पोरांचे कपडे यायचे ते या वहीच्या भरवशावर. वहीत दोन रकाने, जमा आणि बाकी. जमेचा रकाना हिवाळ्यात भरतो, बाकीचा बाकी सगळ्या वर्षभर.

ही वही नुसती मायाळू होती असे मात्र कोणी समजू नये. मुलगाच मला म्हणाला, “काका, तुम्हाला ती जुनी म्हणून चांगली वाटत असेल. आमच्या आज्यानं या वहीवर लोकांचा कापूस आपल्या भावानं मोजून घेतला. दोघातिघांची वावरंही लिहून घेतली. मला नको ती वही.” मालक ऐकत होते. त्यांनी मान खाली घातली, पण नाकारले नाही.

तो जाच सरकारलाही दिसत होता. वसंतराव नाईक, याच जिल्ह्यातल्या पुसदजवळच्या गहुलीचे, मुख्यमंत्री असताना १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी आली. व्यापाऱ्याला बाजूला सारून कापूस सरकारच घेऊ लागले. चुकारा हप्त्याहप्त्याने येई. तरी वहीची पकड ढिली झाली. या शतकाच्या आरंभी ती योजना मागे पडली. पुढे या जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी. २००६ साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. अशा ठिकाणी बाकीचे पान ही काही गमतीची गोष्ट नव्हे.

मुलाचा विचार सरळ होता. पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक रोख देते, आधी देते. मग गावातली उधारी बंद करावी आणि फळ्या काढून सगळेच दुकान पुडक्यांचे करावे. सुनेने त्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी वही केली होती, तीही लालच. मालकांनी ती मला उघडून दाखवली. नावे, आकडे, तारखा. बाकीचा रकाना कोरा.

“पाहा जी,” ते म्हणाले, “ज्याच्याकडं बाकी नाई, तो मानूस परत कायले येईन?”

आतून सूनबाईंचा आवाज आला, “येतात ना मामाजी. चटनी सरली का येतात.”

आम्ही हसलो. एवढ्यात एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. जवळच्याच खेड्यातल्या. त्यांनी पदराने तोंड पुसले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मालकांनीच विचारले, “झाला का माय कापूस?”

“घरातच हाय काकाजी. पोरानं फोनात नाव टाकलं. नंबर लागला नाई अजून. व्यापारी दारात येऊन गेला. लय भाव पाडून मांगते.”

ही भानगड मला मुलाने समजावून सांगितली. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये केला. त्याच वर्षी ऑगस्टात परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, आणि बाजारभाव हमीभावाखाली राहिला. हमीभाव हवा तर भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर न्यायचा. त्यासाठी सप्टेंबरपासून ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर नोंदणी करायची, आपला दिवस ठरवून घ्यायचा, आणि कापूस वाळवून न्यायचा. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पुरा भाव, बारांच्या वर गेला तर माल परत. चुकारा थेट बँकेच्या खात्यात. म्हणजे कास्तकाराचेही दुकान फोनात गेले होते! व्यवस्था बरी, मधला दलाल गळतो. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती ही की माणूस थांबू शकतो. दिवाळी चार दिवसांवर आली असता घरात तेल नसेल तर तो थांबत नाही. मग दारातल्या खेडा-खरेदीवाल्याला क्विंटलमागे हजार-हजार रुपये कमी घेऊन कापूस देऊन टाकतो.

“मंग नको देऊ त्याले,” मालक त्या बाईंना म्हणाले. “तेल-साखर घेऊन जाय. पोराइचे कपडे बी घेऊन जाय. नंबर लागू दे.”

त्यांनी वही काढली. मुलाने एक क्षण बापाकडे पाहिले. मला वाटले, आता वाद होणार. पण तो आत गेला, बायकोशी दोन शब्द बोलला, आणि तेलाचा डबा घेऊन बाहेर आला. मागाहून मी त्याला त्याविषयी विचारले.

“ठोकवाला व्यापारी आम्हाला आता उधार देत नाही,” तो म्हणाला. “त्याला आठ दिवसांत रोख लागते. ती आज मागच्या खोलीतून निघाली. पुडकी नसती तर बाबांनी वही उघडली नसती. उघडताच आली नसती.”

म्हणजे हिशेब असा होता. पुण्याच्या गृहिणीने चटणीचे पैसे आगाऊ दिले, त्या पैशांवर दारव्ह्याचे दुकान थांबू शकले, आणि दुकान थांबू शकले म्हणून त्या बाईंचा कापूस घरात थांबू शकला. कोणत्याही ॲपवर हे थांबणे विकत मिळत नाही.

“मग वही बंद नाही करणार?”

“व्याज बंद केलं,” तो म्हणाला. “कापूस मोजून घ्यायचाही नाही. फक्त माल द्यायचा, आणि चुकारा आला की मालाची किंमत घ्यायची. किती वर्षं जमेल ते पाहू. पुडकी कमी झाली तर नाही जमणार.” त्याच्या बोलण्यात मोठेपणाचा आव नव्हता. दहा-बारा पुडक्यांवर किती घरांचे थांबणे तोलले जाईल, याचा हिशेब त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

बाई गेल्या. दुपार कलली. मुलाने कुरिअरवाल्यासाठी पुडकी दारात आणून रचली; त्यांवर मुंबई, पुणे, ठाणे, एक बंगळूरचे. मीही चार वस्तू घ्यायचे ठरवले. हातात ओझे नको म्हणून त्या घरी पाठवा, असे म्हणालो.

“पिनकोड सांगा,” सूनबाई फोन सरसावून म्हणाल्या.

मी सहा आकडे सांगितले. काम झाले. मालकांनी मात्र चष्मा वर केला आणि लाल वहीवर हात ठेवून विचारले,

“ते झालं जी. पन गाव कोनतं तुमचं? आन् घरी कोन कोन असते?”