जाळीची वीण

मराठीत माग आणि सुया या दोहोंसाठी 'विणणे' हे एकच क्रियापद पुरते. समीक्षेनेही ते उसने घेतले. कथेची वीण घट्ट असावी, असे आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. आईची शाल हाती आल्यापासून मात्र त्या 'घट्ट'विषयी मला शंका येऊ लागली आहे.

शाल पांढऱ्या, बारीक लोकरीची, जाळीच्या नक्षीची. गेल्या पावसाळ्यात आई गेली तेव्हा ती निम्मीच झाली होती. सोबत एक वही होती. तीत 'दोन सुलट, दोरा पुढे, दोन एकत्र' अशा ओळी आणि मध्येच 'पुढे नेहमीप्रमाणे' एवढेच. तिचे ते 'नेहमीप्रमाणे' मला विणलेल्या भागावरून, टाके मोजत, वाचावे लागले. संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो, हे वुल्फगांग इझरचे प्रतिपादन मी अनेकदा शिकवले आहे. त्या भरताना बोटे थरथरतात, हे सुया हाती घेतल्यावर कळले.

जाळीचे गणित मोठे सुंदर आहे. सुईवर दोरा घेतला की भोक पडते आणि एक टाका वाढतो. शेजारचे दोन टाके एकत्र विणले की वाढलेला टाका वजा होतो. प्रत्येक भोकाचा हिशेब असा शेजारीच चुकता केलेला असतो. निसटलेल्या टाक्याचे भोक वेगळे. ते खाली उसवत जाते. शेटलंड बेटांवरच्या काही शाली अंगठीतून ओढून काढता येतील इतक्या तलम, तरीही उबदार असतात. कारण लोकरीत अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते.

आमच्या छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, हिमरू शाल वरवर पाहता अगदी निराळी. परंपरा तिचे मूळ तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानी आणली त्या काळाशी जोडते. सुती ताणा आणि त्यावर रेशमाच्या जादा बाण्याची नक्षी. नक्षीत न आलेले रेशीम मागच्या बाजूला सुटे राहते आणि त्या सैल थरानेच कापड मऊ, भरदार होते. मागावरची असो वा सुयांवरची, शालीची ऊब अशी मोकळ्या जागेत वस्तीला असते.

जानेवारीत शाल पूर्ण झाली. सुईवर असेपर्यंत जाळी चुरगळल्यासारखीच दिसते; ओली करून, ताणून, कडांना टाचण्या लावून वाळवली की नक्षी उघडते. आईने ती उघडलेली पाहिली नाही. तिचे टाके घट्ट, माझे सैल. हात कुठे बदलला ते कोणालाही दिसावे. माझा भाग उसवून पुन्हा विणावा, असे एका मैत्रिणीने सुचवले. मी तो तसाच ठेवला आहे. जुन्या पोथीत दुसऱ्या हाताचे अक्षर आढळले तर संपादक त्याची नोंद करतो, ते खोडत नाही. शालीलाही तेवढा मान असावा.