बेसमेंटमधला बोरघाट

मंडळी, लेखन हा काही माझा प्रांत नव्हे. पण स्मरणिकेसाठी "काहीतरी द्याच" असा आग्रह झाला, म्हणून आमच्या बेसमेंटमधल्या आगगाडीबद्दल चार शब्द.

१९९९ च्या नाताळात लेकासाठी गाडीचा संच आणला. एचओ मापाचा, म्हणजे खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. दोन रुळांतलं अंतर अवघं १६.५ मिलिमीटर. प्लायवूडवर चढ आणि बोगदे केले, नाव ठेवलं बोरघाट. महिन्याभरात गाडी अडखळू लागली. जिन्याखालच्या वळणावर तर हमखास बंद! मी सँडपेपरने रूळ चकचकीत केले. चार दिवस बरं चाललं, मग पहिल्यापेक्षा वाईट.

२००४ च्या हिवाळ्यात अण्णा आले. ते रेल्वेत कर्जतच्या बाजूला कीमॅन होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज मैलोन् मैल चालायचं आणि रुळाच्या चाव्या ठोकून बघायच्या, ही त्यांची नोकरी. इथे बाहेर बर्फ, आम्ही दोघं ऑफिसात, नातू शाळेत. अण्णा दिवसभर खिडकीशी बसून. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून दे." मला काय बोलावं सुचेना.

त्याच संध्याकाळी ते सहज खाली आले. बंद पडलेली गाडी पाहिली, रुळावरून बोट फिरवलं. काळं झालं.

"सँडपेपर मारलास? ओरखड्यांत घाण बसते रे. रॉकेल लाव."

"अहो अण्णा, ही विजेची गाडी. इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. मध्ये मळ आला की बारीक ठिणग्या उडतात आणि काजळी धरते. पुस्तकात अल्कोहोल सांगितलंय."

"बरं, पण ही फिशप्लेट सैल आहे, ते पुस्तकात नाही का?"

खरंच, वळणावरचा सांधा सैल होता. तिथे तारेचा तुकडा डाख देऊन जोडला. दुसऱ्या दिवसापासून अण्णा रोज सकाळी जुन्या बनियनचं फडकं घेऊन खाली. आधी रूळ पुसायचे. मग ओला पेपर टॉवेल आडवा टाकून इंजिनाची निम्मी चाकं त्यावर, निम्मी रुळावर ठेवून फिरवायची, कारण चाकांचाच मळ पुन्हा रुळांवर येतो. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. एप्रिलपर्यंत राहिले.

२०११ मध्ये अण्णा गेले. लेक कॉलेजला गेल्यावर गाडीही खोक्यात गेली होती. यंदा चार वर्षांच्या नातीने ते खोकं उघडलं. रूळ काळेकुट्ट. पुन्हा वाचायला बसलो तर काय, अलीकडे या छंदातले काही जाणते लोक अल्कोहोलपेक्षा मिनरल स्पिरिट, इतकंच काय रॉकेलसुद्धा बरं म्हणतात. काजळी उशिरा धरते म्हणे!

फर्नेस बंद केली, खिडकी उघडली आणि फडक्यावर दोनच थेंब घेतले. "घरभर स्टोव्हचा वास सुटलाय," वरून हिचा आवाज. वास पूर्ण गेल्यावर नातीने बटण फिरवलं. जिन्याखालच्या वळणाशी मी बोट पुढे करून उभा होतो. गाडी सरळ निघून गेली.