मधली वाटी

आपल्याकडे शेर दोन होते, एक वजनी आणि एक मापी. वजनी शेर ऐंशी तोळ्यांचा. मापी शेर म्हणजे दोन मापटी. त्यात भात भराल तर एक वजन, शेंगदाणे भराल तर दुसरंच. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि पुढल्या काही वर्षांत दोन्ही शेर बाजारातून हद्दपार झाले. पण कायद्याचे हात कितीही लांब असोत, ते आमच्या आईच्या फडताळापर्यंत काही पोचले नाहीत. तिथं थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन वाट्यांचं राज्य होतं.

आई गेल्यावर वाटण्या झाल्या. (वाटणीतच वाटी आहे, त्याला कोण काय करणार!) मधली वाटी पालघरला वहिनींकडे गेली, पाककृतींची वही बोईसरला आमच्याकडे आली. मध्ये एक उमरोळी स्टेशन, पण आईचे दाण्याचे लाडू दोन्ही घरांतून गेले. आमचे भुगा व्हायचे, त्यांचे दगड. त्यात १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. वहिनी जिल्ह्याच्या ठिकाणच्या झाल्यावर तर वाटी मागायची सोयच उरली नाही.

वहीत लिहिलंय, 'दोन म. वाट्या दाणे कूट, एक म. वाटी गूळ.' आता हे दाण्यांचं कूट, की दाणे मोजून मग त्यांचं कूट? एका षष्ठीच्या प्रत्ययावर अख्खा लाडू लटकलेला! तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं मी भुकट्याच मोजल्या. सैल भरलेली भुकटी वेगळी, ठोकून बसवलेली वेगळी. हिला म्हटलं, "अगं, अमेरिकन कप २४० मिलिलिटरचा. त्यात अख्खे बदाम १४३ ग्रॅम बसतात आणि त्याच बदामांचे काप फक्त ९२!"

"आपल्याकडे कुठायत बदाम?" ही म्हणाली.

गेल्या दिवाळीआधी वहिनी आपणहून आल्या, वाटी रुमालात गुंडाळून. मी ती काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. १८० भरलं. २४० च्या कपात कच्चे दाणे १४६ ग्रॅम, म्हणजे वाटीत साधारण ११०. तसे ते भरलेही. समासात आकडा लिहायला पेन उघडलं, तोच वहिनींनी वर आणखी मूठभर दाणे ओतले.

"भाऊजी, दाण्यांना शीग असायची. गूळ मात्र सपाट, अंगठ्यानं दाबून."

काट्यावर १३१! षष्ठीचाही निकाल लागला.

"मग हे वहीत का नाही?"

"सासूबाईंनी वही बघून कधी लाडू केलेत?"

त्या दिवशी लाडू वळले गेले, आणि वळलेलेच राहिले. मी समासात १३१ लिहून खाली दोन रेघा मारल्या. वाटी मात्र वहिनींनी पुन्हा रुमालात घेतली. परत जाणारं भांडं रिकामं जाऊ नये म्हणून हिनं त्यात चार लाडू घातले. पालघरला दोनच पोचले, असा दादाचा रात्री फोन आला. उमरोळीला गाडी बराच वेळ थांबली होती म्हणे.