पलूसच्या मावशी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेनं आम्हांला भिलवडीतून उठवलं. २००५ च्या पुराची खूण घराच्या भिंतीवर होती. पाणी तिच्या वर जायचं नाही, असं सगळेच धरून चालले होते. पंचमी झाली आणि ते गेलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या खेपेला पाणी ५७ फुटांच्या वर पोचलं. तोवर आम्ही पलूसला आलो होतो. पलूस नदीपासून आत, उंचावर. आम्हांला ठेवून घेतलं त्या मावशी माझ्या दिरांच्या ओळखीतल्या ओळखीच्या, एवढंच नातं.

दुसऱ्याकडून घेण्याची मला सवय नव्हती. पहाटे उठून सगळ्यांची भांडी घासायची, अंगण झाडायचं, पोरांनी दुसऱ्यांदा दूध मागितलं की डोळे वटारायचे. आजचा उपकार आजच फेडायचा, असा सगळा आटापिटा.

८ तारखेला ब्रह्मनाळची नाव उलटल्याचं कळलं. आमच्याच तालुक्यातलं गाव. पुरातून सुटायला निघालेली माणसं गेली, त्यांत बायका-लेकरं होती. घरात कुणी धड जेवलं नाही. मी मात्र मोरीत पातेली घासत राहिले. आपण वाचलो याचीसुद्धा लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या. म्हणाल्या, "आज माझ्यानं न्हाई हुत बाई. भाकरी तू थाप. पीठ त्या डब्यात हाय."

इतके दिवस त्या घरात पाहुणी होते. त्या वाक्यानं मी घरातली झाले. काठवट पुढं ओढली, पीठ मळलं. पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि रडू फुटलं. मावशींनी कारण विचारलं नाही. "करपतीया बघ," एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "दमल्यावर दमलो म्हणावं. आपुनच न्हाई म्हणलं, तर दुसऱ्या दमल्यालीनं कुणापुढं म्हणायचं?"

पुढं सासूबाई अंथरुणाला खिळल्या. सगळं मीच करायचं, हा जुना हट्ट पुन्हा वर आला. चिडचिड वाढली, ती त्यांच्याच अंगावर निघायला लागली. एका रात्री मावशी आठवल्या. नणंदबाईंना फोन लावला, "वन्सं, माझ्यानं होत नाही." त्या आल्या. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस. तुझं तोंड बघून पाणी मागायचीबी भीती वाटायची." हे ऐकलं आणि मावशींचं देणं किती मोठं, ते उमगलं.

ते फिटायचं नाही. साडी घेऊन गेले तर त्यांनी ती माझ्याच अंगावर घातली. पण गेल्या ऑक्टोबरात, द्राक्षबागेची छाटणी चालू असताना, त्यांचाच फोन आला. "गुडघं धरल्यात. गड्यांच्या भाकरी हुईनात. येतीस का?" शाळेत रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं गेले.