गड्डीची जाडी

बी.कॉम. झालेल्या माणसाचा गणितावर जेवढा विश्वास असतो, तेवढा गणिताचा त्याच्यावर नसतो. टक्के येतात, चक्रवाढ येते. पुढचं गणित म्हणजे परक्या ब्रँचचा चेक! त्यातून माझी मुलगी नांदेडला एम.एस्सी. करते. तिच्या तोंडी येता-जाता 'लबेग इंटिग्रल' ऐकून माझ्या आईनं तो आजारच धरला आणि माळेगावच्या खंडोबाला नारळ कबूल केला.

"त्याला आधी मेझर थिअरी लागते, बाबा. तुम्ही राहू द्या," असं मुलगी मायेनं म्हणते. पण राहू दिलं, की बापलेकीत बोलायला 'पैसे आहेत का?' एवढंच उरतं. म्हणून तिची जुनी वही उघडली.

वहीत चक्क आमचा कॅश काउंटर निघाला! माळेगावची यात्रा झाली, की व्यापारी आमच्या लोह्यात पिशव्या आणून ओततात. नोट हाती येईल तशी बेरीज करत जायचं, ही रीमानची १८५४ ची तऱ्हा. पाचशेच्या वेगळ्या, शंभराच्या वेगळ्या लावून 'नोट केवढ्याची गुणिले नोटा किती' करायचं, ही लबेगची १९०२ च्या प्रबंधातली. दाखला माझा नव्हे. पैसे मोजणारा व्यापारी १९२६ साली कोपनहेगनच्या व्याख्यानात खुद्द लबेगनंच उभा केला होता.

रक्कम तीच येते, मग खटाटोप कशाला? तर शून्य ते एकमधल्या प्रत्येक अपूर्णांकावर एक रुपया ठेवा. जे आकडे अपूर्णांकात मांडताच येत नाहीत, त्यांच्यावर शून्य. आता कितीही बारीक तुकडा पाडा, दोन्ही मंडळी त्यात हजर! रीमानची वरची बेरीज एक, खालची शून्य. टॅली होतच नाही. बिचारा रात्रभर बँकेतच.

लबेग विचारतो, रुपयावाली गड्डी किती जाड? मोजता न येणाऱ्या गड्डीला पट्टी लावायची, तेच मेझर. सारे अपूर्णांक रांगेत लावून त्यांना टोकन देता येतं. पहिल्याला अर्धं बोट जागा, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला त्याच्या निम्मी. अवघी रांग एका बोटात! बोटाऐवजी केस घ्या, तरी मावते. म्हणजे जाडी शून्य. एक गुणिले शून्य, अधिक शून्य गुणिले एक, एकूण शून्य. टॅली झाली, कुलूप लावा.

रविवारी मुलगी एसटीनं आली, तिला हे ऐकवलं. ती गप्प. मग पेन काढून म्हणाली, "पण बाबा, काही गड्ड्यांना पट्टीच लागत नाही. त्यांचं काय करणार?"

आई आतून दोनदा 'जेवायला चला' म्हणाली. आमचा काउंटर चालू होता.