मागचा आवाज कोणाचा?

मैफलीच्या मध्यंतरात चहाच्या टेबलाभोवती जी चर्चा रंगते, ती कधीकधी गाण्यापेक्षाही वरच्या पट्टीत असते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव असो, इंदूरच्या एखाद्या मराठी घरातली बैठक असो, की कलकत्त्याची रात्रभर चालणारी परिषद, विषय बहुधा ठरलेले. तबला जरा जास्तच बोलत होता. माइकवाल्याने घोटाळा केला. आणि मग कोणीतरी कप खाली ठेवत हळूच म्हणते, ''अंतरा विसरले, लक्षात आलं का?''

''विसरले कुठे? मागच्या मुलाने उचलला की.''

''तेच तर म्हणतोय, काका. त्याने उचलला म्हणून निभावलं.''

''छे हो! त्या पोराला घाईच फार. बुवांनी श्वास घेतला की हा घुसलाच!''

त्या पोराचे नाव मात्र चौघांपैकी एकालाही ठाऊक नसते.

हे 'पोर' कधीकधी चाळिशीचे असते. घरी बायकोमुले असतात, स्वतःच्या चार शिकवण्या असतात. पण बुवांच्या मागे तानपुरा घेऊन बसले की ते पोरच. दौऱ्यावर निघताना तानपुरे सांभाळायचे ते यानेच. गावोगावची हवा वेगळी, त्यामुळे रंगमंचावर जाण्याआधी तारा पुन्हा पुन्हा जुळवायच्या त्याही यानेच. आणि एवढे करून दोन-अडीच तास मांडी न मोडता गुरूच्या पाठीकडे बघत बसायचे. गुरूने मान किंचित वळवली, हात जरासा मागे केला, की ती खूण ओळखून एखादी जागा भरायची. जास्त भरली तर आगाऊपणा, कमी भरली तर बेसूर शांतता.

बाहेरच्या माणसाला वाटेल, ख्यालात शब्द असतात तरी किती? खरेच थोडे असतात. अस्ताईच्या दोन ओळी, अंतऱ्याच्या दोन. पण तिथेच गोम आहे. विलंबित ख्यालात मुखड्याचे दोन-चार शब्द तासभर घोळवले जातात. ते झोपेतही विसरायचे नाहीत. अंतरा मात्र एकदा, फार तर दोनदा येतो आणि निघून जातो. साहजिकच विसरला जातो तो अंतरा. शिवाय हे शब्द बहुतेक ब्रज भाषेतले. घराण्याघराण्यांतून, तोंडातोंडी फिरताना ते इतके झिजले आहेत की एकच चीज दोन गवयांच्या तोंडून ऐकली तर अर्थ वेगवेगळे निघावेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ठिकठिकाणच्या गवयांकडून बंदिशी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या 6 भागांत स्वरलिपीसह छापल्या. तेव्हापासून श्रोत्यांच्या हाती एक शस्त्र आले! घरी जाऊन पुस्तक काढायचे आणि दुसऱ्या दिवशी मित्राला ऐकवायचे, ''काल बुवा जे म्हणाले ते पुस्तकात नाही.''

भजन, अभंग, गझल यांचे तसे नसते. तिथे शब्द पुष्कळ आणि श्रोत्यांना तोंडपाठ. म्हणून तिथे गायकासमोर वही चालते. आता वहीच्या जागी काही ठिकाणी टॅबलेटही दिसतो. ख्याल गाणाऱ्यापुढे वही दिसली तर मात्र पहिल्या दोन रांगांत कुजबुज सुरू होते. त्यामुळे ख्यालियाची वही म्हणजे मागे बसलेला शिष्य. हार्मोनियमवाला सूर देऊ शकतो, शब्द देऊ शकत नाही. शब्द देणारा हा एकटाच.

मात्र या वहीला एक विचित्र नियम पाळावा लागतो. गुरू शब्द विसरला तर तो हलकेच सुचवायचा, हे ठीक. पण गुरूने चुकीचाच शब्द ठामपणे गायला तर? भर मैफलीत गुरूला कोण दुरुस्त करणार? मग शिष्यानेही तोच चुकीचा शब्द गायचा. बरोबर शब्द त्याला माहीत असतो. घरी शंभर वेळा घोटलेला असतो. तरीही तो गिळून टाकायचा आणि चुकीचा शब्द असा लावायचा की जणू तोच खरा. ही साथीची खरी परीक्षा आहे, आणि हिचे गुण कोणी देत नाही. उलट ध्वनिमुद्रणात चूक दोन आवाजांत उमटते, आणि पंचवीस वर्षांनी कोणीतरी ते ऐकून म्हणतो, ''शिष्यालाही पाठ नव्हतं बघा!''

शब्द विसरणे म्हणजे मोठा गुन्हा आहे, असेही नाही. एला फिट्झजेरल्ड ही अमेरिकेची थोर जाझ गायिका 13 फेब्रुवारी 1960 रोजी बर्लिनमध्ये 'मॅक द नाइफ' हे गाणे गाताना मध्येच शब्द विसरली. मागे पियानो, गिटार, बास आणि ड्रम होते, शब्द पुरवणारा गळा नव्हता. तिने थांबण्याऐवजी आपण विसरलो हेच चालीत बसवून गायला सुरुवात केली. ते ध्वनिमुद्रण जगभर गाजले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आपल्याकडे असे झाले असते तर? ''अहो, पाठ नव्हतं तर घ्यायचं कशाला,'' असे म्हणणारा एक तरी काका चहाच्या टेबलाशी निघालाच असता.

मानमरातबाचा प्रश्न पुढच्या माणसाचा, पण मागे बसून तो सोसणाऱ्यांच्याही कथा आहेत. पंडित जसराज आधी तबलावादक होते. थोरले बंधू पंडित मणिराम यांच्यासोबत ते तबला वाजवीत. 1945 साली लाहोरमध्ये त्यांनी कुमार गंधर्वांना साथ केली. त्यानंतर कुमारांच्या गाण्यावरून वाद निघाला. पंधरा वर्षांच्या जसराजांनी कुमारांची बाजू घेतली, तेव्हा एका जाणत्या गायकाने, मेलेले कातडे बडवणाऱ्याला रागदारीतले काय कळणार, अशा अर्थाचे बोल सुनावले. ते शब्द त्या मुलाला इतके लागले की त्याने तबला सोडला आणि गायक झाल्याशिवाय केस कापणार नाही, असा पण केला. पुढे जसराज काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. साथीदारांच्या बाजूने बोलायचे तर, असे लागट बोल ऐकूनही ज्यांनी तबला सोडला नाही, त्यांचीही आठवण कधीतरी काढायला हवी.

किशोरी आमोणकर यांनीही आई मोगूबाई कुर्डीकर यांच्या मागे तानपुरा धरला होता. आईसारख्या गायिकेला दौऱ्यांवर कशी वागणूक मिळते, हे त्यांनी मागे बसून पाहिले होते आणि पुढे मुलाखतींतून ते बोलूनही दाखवले. किशोरीताई फार कडक, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा.

कधीकधी मागचा आवाज हा पुढच्या आवाजाचा आधारच होऊन बसतो. बडे गुलाम अली खाँ यांच्या देहाला अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने दुबळे केले. तरीही 1968 साली हैदराबादला निधन होण्याआधीच्या त्या काळात, मुलगा मुनव्वर अली खाँ यांच्या साथीने ते गात राहिले. बापाचा गळा जिथे थकेल तिथे मुलाने जागा भरायची, पण बाप थकला असे श्रोत्यांना वाटू द्यायचे नाही. असे गाणे कोणत्या पुस्तकात शिकवत नाहीत.

पण या विषयावर रसिकांनी सर्वांत जास्त चर्चा केली असेल ती वसुंधरा कोमकली यांच्याबद्दल. मूळच्या जमशेदपूरच्या या मुलीने लहानपणी कलकत्त्यात कुमार गंधर्वांचे गाणे ऐकले आणि त्या गाण्याच्या ओढीने ती पुढे मुंबईला देवधर मास्तरांच्या गायनशाळेत आली. 1962 साली कुमारजींशी त्यांचा विवाह झाला आणि देवासचे घर त्यांचे झाले. क्षयाने कुमारजींचे एक फुफ्फुस निकामी केले होते. कित्येक वर्षे अंथरुणात काढून ते पुन्हा गायला लागले होते. त्यांच्या गाण्यात छोटे, तुटक, विजेसारखे आविष्कार असत, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागा असत. त्या जागांत, विशेषतः निर्गुणी भजनांत, वसुंधराताईंचा आवाज येत असे.

त्या आवाजावरून रसिकांत कायम दोन तट. एक म्हणे, कुमारजींचे गाणे एकट्यानेच ऐकावे, मध्ये दुसरा आवाज नको. दुसरा म्हणे, ते भजन त्या दोन आवाजांशिवाय ऐकूच शकत नाही. देवास-इंदूरकडच्या मराठी घरांत खासगी मैफलींच्या कॅसेटी एकमेकांना दिल्या जात. कॅसेटच्या कागदावर राग, गाव, तारीख, तबला, पेटी असा सगळा तपशील बारीक अक्षरांत. स्वरसाथीची जागा पुष्कळदा कोरी! 'त्या असणारच, लिहायचे काय,' असा त्या कोऱ्या जागेचा अर्थ असेल. पण कोरी ती कोरीच.

आणि गंमत म्हणजे त्याच कॅसेटी पुन्हा पुन्हा ऐकताना लोकांना हळूहळू तिचाच आवाज ऐकू येऊ लागला. ओळ कुठे सोडली, कुठे उचलली. त्यांनी सुराला हात लावून तो तसाच कसा ठेवला, वर काही नक्षी कशी केली नाही. एवढे गाणे अंगात असताना नक्षी न करणे किती अवघड असते, ते गाणाऱ्यालाच विचारावे. ऐकणाऱ्यांपैकी काहींना मग प्रश्न पडला, या बाई एकट्या गातात तेव्हा कशा गातात? तो प्रश्न पडायला बऱ्याच जणांना तीस वर्षे लागली.

12 जानेवारी 1992 रोजी कुमारजी गेले. त्यानंतर वसुंधराताई रंगमंचाच्या मध्यभागी बसून गाऊ लागल्या. ग्वाल्हेर घराण्याची भक्कम तालीम, ठाम लय आणि कुमारजींच्या बंदिशी, असे ते गाणे. 2006 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2009 चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. 29 जुलै 2015 रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले. त्या गात असताना मागे तानपुरा घेऊन बसलेली असे त्यांची मुलगी कलापिनी. आईने मान जराशी वळवली की ती ओळ उचलायची.