क्युबिकल टू केबिन

नोकरी सोडायची स्वप्नंसुद्धा आजकाल ठरलेली असतात. कुणाला कॅफे काढायचाय, कुणाला कोकणात होम-स्टे, कुणाला बाईकवरून लडाख. असं काही बोललात की ऑफिसातली मंडळी 'वॉव' म्हणतात. 'मला ट्रक चालवायचाय' असं एकदा म्हणून बघा. आधी सगळे हसतात. मग, तुम्ही हसत नाही हे लक्षात आलं की हळूच विचारतात, 'घरी सगळं ठीक आहे ना?'

तर, घरी सगळं ठीक आहे. वय वर्षं ३१. चाकणला लॉजिस्टिक्समध्ये आठ वर्षांची नोकरी, महिन्याला हातात ४८ हजार, मेडिक्लेम, दुसरा-चौथा शनिवार सुट्टी. काम काय? तर स्क्रीनवर नकाशा, नकाशावर ठिपके. हिरवा ठिपका म्हणजे गाडी चालू, लाल म्हणजे थांबलेली. लाल दिसला की फोन लावायचा, 'काका, गाडी का थांबलीय?' मग तेच मेलवर, तेच एक्सेलमध्ये, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये पुन्हा तेच.

या ठिपक्यांचा मला हेवा वाटायला लागला. मोकळा हायवे, ढाब्यावरचा चहा वगैरे फंडा नव्हता. हेवा होता तो 'पोच'चा. माल उतरला, समोरच्याने कागदावर सही-शिक्का मारला, की ड्रायव्हरचं ते काम संपतं. अगदी सं-प-तं! माझं आठ वर्षांत एकदाही संपलेलं नाही. शुक्रवारी रात्री जे मेल बंद करून उठतो, तेच सोमवारी 'रिमाइंडर' होऊन समोर बसलेलं असतं.

नुसता हेवा करत बसण्यापेक्षा आधी लायसन्स काढलं. कायद्याने हे फार अवघड नाही बरं का. हलक्या वाहनाचं लायसन्स किमान १ वर्ष जुनं हवं, वय २० पूर्ण हवं, डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं. आठवी पासची अट २०१९ मध्येच निघाली. म्हणजे माझ्या बी.कॉम.चा इथे काडीचा उपयोग नाही! ज्यांना थेट मोठ्या गाडीची भीती वाटते त्यांच्यासाठी आणखी एक. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचा टेम्पो साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येतो. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये हे पक्कं केलंय. ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या ट्रकवर मी दोन महिने घाम गाळला आणि 'हेवी'चा शिक्का मिळवला.

आता घरी सांगणं आलं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. नारायणगाव डेपो, २८ वर्षं. 'यासाठी शिकवलं का तुला?' हा डायलॉग येणार असं धरून मी उत्तराची तयारी करून बसलो होतो. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि एकच विचारलं, "रात्री तीनला झोप आली, तर गाडी कुणाच्या हातात देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाबा म्हणाले, एसटीत ड्युटी लागलेली असते. ती संपली की गाडी दुसऱ्याच्या ताब्यात. मुक्कामी गाडी असली तर रात्री पाठ टेकायला मिळते. ट्रकवाल्याला उतरवून घ्यायला कोण येतं? आता कायदा म्हणाल तर होता. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा सांगायचा, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. पण तो लागू व्हायचा पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या धंद्याला. एकच गाडी असलेला मालक आणि त्याचा एकच ड्रायव्हर यात कुठे बसणार? बायकोनेही 'लोक काय म्हणतील' हा मुद्दा काढलाच नाही. तीही बाबांच्याच बाजूला जाऊन बसली.

मग मी आठ दिवसांची रजा टाकली आणि अण्णांच्या गाडीत डाव्या सीटवर जाऊन बसलो. अण्णा सांगलीकडचे. स्वतःची एकच दहा चाकी गाडी, स्वतःच चालवणार. चाकण ते चेन्नईजवळचं ओरगडम, एका बाजूने साधारण १,२०० किलोमीटर. हुबळीपर्यंत मी 'साहेब' होतो, पुढे 'बाळ' झालो.

पहिला धडा घाटात. तवंदी घाट उतरताना अण्णांनी गिअर खाली घेतला आणि पाय ब्रेकवर जवळजवळ ठेवलाच नाही. इंजिनच गाडीला धरून ठेवत होतं. "ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं," अण्णा म्हणाले, "चार पैशाचं डिझेल वाचवाय न्यूट्रल काढणारा गडी जीवावर उठलेला असतोय." कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार ज्या पुणेकरांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा धडा उकाड्याचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. अण्णांची गाडी २०१७ ची. पायाखाली इंजिनची धग आणि खिडकीतून तमिळनाडूचं ऊन!

पण खरा धडा गेटवर मिळाला. बुधवारी सकाळी पोहोचलो आणि कारखान्याबाहेर १९ तास उभे राहिलो. का? कुणी सांगितलं नाही. आत जागा नसेल, साहेब नसेल, शिफ्ट बदलली असेल. तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. आमच्याच ऑफिसचा नंबर! 'काका, गाडी का थांबलीय?' अण्णांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. लाल ठिपका आतून कसा दिसतो, ते असं कळलं. गुरुवारी पहाटे गाडी खाली झाली आणि परतीचं भाडं लागलं ते शुक्रवारी संध्याकाळी. तोवर गाडीखालच्या सावलीत चटई टाकून पडलो.

"गाडी चालवाय काय लागतंय बाळ?" अण्णा म्हणाले. "थांबता आलं पायजे."

मी वहीत हिशेब ठेवला होता. सवय हो, एक्सेलची! सोमवारी रात्री निघाल्यापासून रविवारी सकाळी चाकणला परत येईपर्यंत १३२ तास. त्यात चाकं फिरली ५७ तास. जेवण, झोप, आंघोळ २० तास. उरलेले ५५ तास नुसतं थांबणं, आणि या ५५ तासांचा एक रुपयाही अण्णांना वेगळा मिळाला नाही. भाडं ठरतं ते फेरीचं. गाडी उभी असली तरी बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. आणि वर-खाली दोन्ही वेळचे ते ५७ तास अण्णांनी एकट्याने ओढले होते. परतीला चित्रदुर्गच्या पुढे पहाटे त्यांचे डोळे मिटताना मी पाहिले. गाडी बाजूला घ्यायला लावली, चहा पाजला. बाबांचा प्रश्न डोक्यात घुमत होता.

घरी आल्यावर मी, बायको आणि बाबा जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. दोन गोष्टी खोडल्या. स्वतःची गाडी घ्यायची नाही, निदान आत्ता तरी. एकट्याने लांबच्या लाईनवर जायचं नाही. उरलं काय? दोन ड्रायव्हरची गाडी, ठरलेला रूट, महिन्याचा पगार. अशी नोकरी शोधायला तीन महिने लागले, पण मिळाली. चाकण-चेन्नई लाईन, ३४ हजार आणि भत्ता, प्रत्येक फेरीनंतर दोन दिवस घरी. म्हणजे पगारात १४ हजारांची कात्री. घराचा हप्ता २२ हजार आहे. बायकोने स्पष्ट सांगितलं, "माझे अकरा मी भरते, तुझे अकरा तू. वर्षभर बघू. त्यात एक जरी हप्ता चुकला, तर परत ठिपके मोजायला जायचं." डील!

बाबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "जोडीदार ड्रायव्हर कोण, ते आधी बघून ये. तो चालवत असताना तुला शांत झोप लागली, तर हो म्हण." गेल्या पंधरवड्यात त्याच्याबरोबर एक फेरी केली. कोल्हापूर कधी गेलं मला कळलंच नाही, जाग आली ती धारवाडला.

सोमवारी राजीनामा दिला. एचआरच्या फॉर्मवर कारणांचे रकाने होते : उच्च शिक्षण, लग्न, शहरबदल, जास्त पगार. मी 'इतर'वर टिक केली आणि पुढच्या रेघेवर लिहिलं, 'ड्रायव्हिंग'. एचआरची मुलगी एकदम खूश झाली. म्हणाली, "म्हणजे ड्रायव्हिंग चेंज ना? सॉलिड!"

म्हटलं, नाही गं. ट्रक.